आपली नोंद आपल्या हातांनी

(आगमन शताब्दी सोहळ्यानिमित्त झालेल्या विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)

 

शताब्दीच्या व्यासपीठावर पूर्वजांच्या कष्टांविषयी बोलावे, अशी रीत आहे. ते काम आज सकाळपासून इतर वक्त्यांनी फार चांगले केले. संयोजकांनी मला दिलेला प्रश्न थोडा घरगुती आहे. मुलगा किंवा मुलगी म्हणाली, "मला विद्यापीठात मानवशास्त्र घ्यायचंय," तर आई-वडिलांनी काय म्हणावे? आणि तो विषय घेऊन पदवी मिळाली, तर पुढे काय?

हा प्रश्न आपल्या घरांत कसा येतो, ते मला ठाऊक आहे. तेरावे वर्ष संपत आलेले असते. डॉक्टरकी, इंजिनिअरिंग, अकाउंटन्सी, निदान नर्सिंग, अशी यादी आपण मनात करून ठेवलेली असते. त्यात हे नाव कुठेच नसते. मग कोणी विचारते, "म्हणजे हाडं उकरायची का?" आणि त्याहून महत्त्वाचा प्रश्न आजी विचारते, "त्यानं पोट भरेल का रे बाबा?" आजीच्या प्रश्नाला उत्तर द्यायलाच हवे. ज्यांच्या वाडवडिलांनी पोटासाठी समुद्र ओलांडला, त्यांनी हा प्रश्न विचारू नये असे कोण म्हणेल? मी त्याचे उत्तर देणार आहे. पण आधी हा विषय काय आहे, आणि तो आपल्याला इतरांपेक्षा थोडा जास्त का लागू पडतो, ते सांगते.

मराठीत या विषयाला पूर्वी मानववंशशास्त्र म्हणत. आता बरेच जण मानवशास्त्र म्हणतात. मधला 'वंश' गळून पडला, यामागे मोठा इतिहास आहे, त्याकडे मी येईनच. या शास्त्राच्या ढोबळमानाने चार शाखा मानतात. माणसे एकत्र कशी राहतात ते पाहणारे सामाजिक-सांस्कृतिक मानवशास्त्र, मातीखालच्या खुणांवरून जुने जगणे शोधणारे पुरातत्त्व, माणसाच्या शरीराचा आणि उत्क्रांतीचा अभ्यास करणारे जैविक मानवशास्त्र, आणि भाषेचा अभ्यास. हाडे उकरणारेही यात आहेत, पण ते एका कोपऱ्यात.

या विषयाची खरी ओळख त्याच्या पद्धतीत आहे. लोकांमध्ये जाऊन राहायचे, त्यांची भाषा शिकायची, रोजचे साधे व्यवहार बघायचे आणि लिहून ठेवायचे. रेमंड फर्थ हा ऑकलंडमध्ये जन्मलेला आणि इथेच शिकलेला तरुण. त्याचा विषय अर्थशास्त्र होता आणि त्याने इथल्या कौरी झाडाच्या डिंकाच्या धंद्यावर प्रबंध लिहिला होता. पुढे लंडनला गेल्यावर तो मानवशास्त्राकडे वळला आणि 1928 मध्ये सॉलोमन बेटांतल्या टिकोपिया या छोट्याशा बेटावर जाऊन राहिला. लग्न कसे ठरते, मासे कसे वाटले जातात, भाचा मामाशी कसा बोलतो, हे त्याने वहीत उतरवले. 1936 मध्ये त्यावर त्याचे पुस्तक आले आणि ते या शास्त्रातल्या नावाजलेल्या ग्रंथांत गणले जाते. मामा-भाच्याचे बोलणे हा अभ्यासाचा विषय होऊ शकतो, हे त्यातून घेण्यासारखे आहे.

मानवशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना पुष्कळदा एक सोपा वाटणारा गृहपाठ देतात: आपल्या कुटुंबाचा नात्यांचा तक्ता काढा. त्रिकोण म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे स्त्री, जोडरेघ म्हणजे लग्न. इंग्रजी बोलणाऱ्या घरातले मूल आईच्या भावाला आणि वडिलांच्या भावाला एकच शब्द लावते. आपले मूल तिथे अडते. मामा वेगळा, काका वेगळा, आत्याचा नवरा वेगळा आणि मावशीचा नवरा वेगळा. मॉरिशसमध्ये वाढलेली आजी क्रेओलमध्ये सगळ्यांना 'तोंतों' म्हणत असेल, पण गणपतीला किंवा लग्नात मामाचा मान कोणाला द्यायचा हे तिला पक्के ठाऊक असते. शब्द गेला तरी मान शिल्लक आहे. असे का झाले, असा प्रश्न त्या मुलाला पडला की समजावे, अभ्यास सुरू झाला.

हा प्रश्न एका मराठी बाईने आयुष्यभर विचारला. त्यांचे नाव इरावती कर्वे. 'युगान्त' या पुस्तकामुळे त्या मराठी घराघरांत माहीत आहेत. त्याला 1968 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पण त्यांचा मूळ व्यवसाय मानवशास्त्राचा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्या 1939 पासून होत्या आणि 1953 मध्ये त्यांनी भारतातल्या नातेव्यवस्थेवर मोठा ग्रंथ लिहिला. मामाच्या मुलीशी लग्न कुठे चालते, कुठे चालत नाही, कोणत्या भाषेत कोणत्या नात्याला वेगळा शब्द आहे, हे त्यांनी प्रांताप्रांतांत जाऊन गोळा केले आणि त्यातून भारताचा एक नवाच नकाशा मांडला. आपल्यासाठी त्यांच्या चरित्रातली आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. त्यांचा जन्म 1905 मध्ये ब्रह्मदेशात झाला, वडील तिथे नोकरीला होते म्हणून, आणि तिथल्या इरावती नदीवरून त्यांचे नाव ठेवले गेले. परदेशात जन्मलेली, नदीचे नाव घेऊन आलेली मुलगी पुढे महाराष्ट्राला त्याची ओळख सांगते. त्यांचे गुरू गोविंद सदाशिव घुर्ये हे मालवणचे. आपल्यातल्या पुष्कळांचे पूर्वज ज्या कोकणपट्टीतून निघाले, तिथलेच. 1924 पासून मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाची धुरा त्यांच्याकडे होती. म्हणजे हा विषय आपल्या मातीला परका नाही.

आता आपल्या पूर्वजांकडे वळू. फिजीला गिरमिटियांची जहाजे कलकत्ता आणि मद्रासहून गेली, म्हणून तिथे मराठी माणूस विरळा. मॉरिशसची गोष्ट वेगळी. तिथे मुंबई बंदरातूनही मजूर गेले, आणि त्यांत रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या भागांतली माणसे होती. पोर्ट लुईच्या घाटावर सोळा पायऱ्या चढून ती वर आली. आज तो आप्रवासी घाट जागतिक वारसास्थळ आहे. पण त्या दिवशी तिथे एक कारकून बसलेला होता.

त्या कारकुनाने काय लिहिले? नंबर. जहाजाचे नाव. मजुराचे नाव, बापाचे नाव, वय, जात, गाव, जिल्हा, उंची, अंगावरची खूण. 1867 च्या कायद्यानंतर जुन्या मजुरांना फोटो लावलेला पासही जवळ बाळगावा लागे. ती कागदपत्रे मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवली आहेत, आणि आपल्यापैकी कोणी कोणी तिथून आपल्या पणजोबांचा उतारा आणलाही आहे. तो कागद हातात घेतल्यावर डोळ्यांत पाणी येते. मला त्या कागदाचा अनादर करायचा नाही. पण त्याच्याकडे नीट पाहा. ती नोंद मजूर हरवू नये, पळू नये, म्हणून केलेली आहे. कपाळावरचा व्रण लिहिला आहे, पण तो कशाने पडला ते नाही. गावाचे नाव फ्रेंच-इंग्रजी कानाने ऐकून असे लिहिले आहे की आज नकाशावर सापडत नाही. मजुराचे किंवा त्याच्या बापाचे नुसते नाव पुढे आडनाव होऊन बसले आणि खरे आडनाव गळाले. ती कोणती ओवी म्हणत असे, कुळदैवत कोणते, कोणाला मागे ठेवून आली, यासाठी त्या रजिस्टरात रकानाच नव्हता.

पुढे दुसऱ्या प्रकारचे लिहिणारे आले. बर्टन बेनेडिक्ट यांनी 1950 च्या दशकात मॉरिशसच्या खेड्यांत राहून तिथल्या भारतीयांचा अभ्यास केला; त्यांचे पुस्तक 1961 मध्ये आले. त्याच वर्षी फिजीतल्या भारतीय वस्त्यांवर एड्रियन मेयर यांचे पुस्तक आले. जहाजात आणि मळ्यात जातीचे नियम कसे ढिले पडले, एकाच जहाजातून आलेले लोक एकमेकांना भाऊ कसे मानू लागले, लग्ने कशी जुळू लागली, हे अशा संशोधकांनी कष्टाने नोंदवले. न्यूझीलंडमधल्या भारतीयांचा इतिहास जॅकलिन लेकी यांनी लिहिला. त्या ओटागो विद्यापीठाच्या मानवशास्त्र विभागात शिकवत, आणि त्यांचे पुस्तक 2007 मध्ये प्रसिद्ध झाले. ही सगळी कामे मोलाची आहेत आणि त्यांच्याविषयी आपण कृतज्ञ असले पाहिजे. पण एक गोष्ट लक्षात घ्या. कारकून असो की प्राध्यापक, लेखणी दर वेळी दुसऱ्याच्या हातात होती. आपले आजी-आजोबा उत्तरे देत होते. प्रश्न कोणता विचारायचा, हे त्यांनी ठरवले नव्हते.

तुम्ही म्हणाल, या शास्त्राने पूर्वी वाईटही कामे केली, मग मुलांना त्यात का ढकलायचे? खरे आहे. एके काळी हे शास्त्र माणसांची डोकी मोजत फिरत असे आणि त्यावरून कोण वरचा, कोण खालचा ते ठरवत असे. इरावतीबाई 1928 मध्ये बर्लिनला गेल्या, तेव्हा त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. वंशश्रेष्ठत्वाच्या ज्या विचारांनी पुढे जर्मनीत अनर्थ घडवला, त्यांना शास्त्राचे पाठबळ देणाऱ्यांपैकी ते एक. युरोपियनांच्या कवटीच्या ठेवणीत त्यांच्या बुद्धीची श्रेष्ठता दिसते, असे फिशर यांचे गृहीतक होते. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि प्रबंधात लिहिले की असा काही संबंध दिसत नाही. परक्या देशात, पंचविशीही न ओलांडलेल्या मुलीने, आपल्याच मार्गदर्शकाच्या सिद्धांताविरुद्ध आकडे मांडले. पुढे भारतातही त्यांनी शरीराची मोजमापे घेतली आणि त्या पद्धतीवर आज टीका होते, हेही सांगायला हवे. पण साधन शिकून ते साधन देणाऱ्याचीच परीक्षा घेता येते, हे त्यांनी दाखवले. मानववंशशास्त्रातला 'वंश' मागे पडत गेला, त्यात अशा कामाचा वाटा आहे.

आणि याचा सगळ्यात मोठा धडा आपल्याला याच देशात, आपल्या यजमानांकडून मिळतो.

माओरी लोकांनाही इतरांनीच मोजले, लिहिले, संग्रहालयात मांडले. संशोधन हा शब्दच माओरींच्या कानाला कसा घाण झाला, ते लिंडा तुहीवाई स्मिथ यांनी 1999 मधल्या आपल्या पुस्तकात सांगितले आहे. तरीही माओरींनी या विषयाकडे पाठ फिरवली नाही. ते आत शिरले. ओटागोत एच. डी. स्किनर 1919 पासून शिकवत होते, आणि ऑकलंड विद्यापीठात मानवशास्त्राचा विभाग 1950 मध्ये राल्फ पिडिंग्टन यांच्या हाताखाली सुरू झाला. त्या विभागातून रंगिनुई वॉकर यांच्यासारखे विद्वान बाहेर पडले. त्यांनी आपल्या लोकांच्या संघर्षाचा इतिहास लिहिला आणि वर्षानुवर्षे नियतकालिकांतून तो सामान्य वाचकांपर्यंत पोचवला. सिडनी मोको मीड 1977 मध्ये वेलिंग्टनच्या व्हिक्टोरिया विद्यापीठात माओरी अभ्यासाचे पहिले प्राध्यापक झाले. 1984 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात 'ते माओरी' हे प्रदर्शन भरले, त्याच्या मांडणीत त्यांचा मोठा वाटा होता. ज्या वस्तू पूर्वी परक्यांनी कपाटात ठेवल्या होत्या, त्या या वेळी त्यांच्या वंशजांच्या संमतीने, त्यांच्या प्रार्थनांसह लोकांपुढे आल्या.

ह्यू कावारू यांचे उदाहरण मी जरा सावकाश सांगते. आपल्यातले बरेच जण ऑकलंडला राहतात. मिशन बेकडे जाताना ओकाहू बे आणि त्यावरची बॅस्टियन पॉइंटची टेकडी आपण पाहतो. ती ओराकेईच्या नाती फातुआ लोकांची जमीन. एकेक तुकडा करत ती त्यांच्या हातून गेली, आणि 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने उरलेल्या वस्तीलाही हलवून घरे जाळून टाकली. 1977 मध्ये जो हॉक यांच्या नेतृत्वाखाली लोक त्या टेकडीवर जाऊन बसले. 25 मे 1978 रोजी, 507 व्या दिवशी, पोलिसांनी 222 जणांना पकडून नेले. ही लढाई सगळ्यांना माहीत आहे. तिच्या बाजूला एक शांत कामही चालू होते. कावारू हे नाती फातुआंचेच. ऑक्सफर्डला मानवशास्त्र शिकून आलेले. त्यांनी ओराकेईच्या समाजावर 1975 मध्ये आणि माओरी जमीनधारणेवर 1977 मध्ये पुस्तके लिहिली. जमीन म्हणजे कोणाच्या नावावरचा तुकडा, असे कायद्याला वाटत होते. जमीन म्हणजे नात्यांचे जाळे, हे त्यांनी कायद्याला समजेल अशा भाषेत मांडले. 1978 पासून पुढची जवळजवळ तीन दशके ते आपल्या लोकांच्या विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष होते. 1987 मध्ये वाइटांगी न्यायाधिकरणाचा ओराकेईवरचा अहवाल आला आणि 1991 च्या कायद्याने जमीन लोकांकडे परतली. वाइटांगी कराराच्या माओरी मजकुराचे जे इंग्रजी भाषांतर आज सरकारी कामकाजातही वापरतात, ते कावारू यांचेच.

टेकडीवर बसणारे लागतात. तितकेच टेकडीचा अर्थ लिहून देणारेही लागतात. पदवीच्या पहिल्या वर्षाला नात्यांचा तक्ता काढायला शिकवतात, त्याचा शेवट असाही होऊ शकतो.

आता आजीच्या प्रश्नाकडे येते.

न्यूझीलंडमध्ये बीए पदवी तीन वर्षांची, 360 गुणांकांची. ऑकलंड, वेलिंग्टनचे व्हिक्टोरिया आणि ओटागो या विद्यापीठांत मानवशास्त्राला जुनी परंपरा आहे. कुठे पुरातत्त्व सोबत आहे, कुठे सामाजिक-सांस्कृतिक भागावर भर आहे, म्हणून अभ्यासक्रम नीट वाचूनच ठरवा. पदवीला दोन मुख्य विषय घेता येतात. कायदा, विज्ञान किंवा वाणिज्य यांच्याबरोबर जोडपदवीही करता येते. त्यानंतर एक वर्षाची ऑनर्स, मग एमए, आणि ज्याला संशोधनच करायचे आहे त्याला पीएचडी.

खरे तेच सांगते. 'मानवशास्त्रज्ञ हवा आहे' अशी जाहिरात फार क्वचित दिसते. नर्सिंगची पदवी घेतल्यावर कामाचे नाव आणि कामाची जागा ठरलेली असते. इथे तसे नसते. विद्यापीठातल्या कायमच्या जागा थोड्या आहेत आणि अलीकडे मानव्यविद्यांच्या विभागांवर खर्चकपातीची टांगती तलवार आहे. म्हणून माझा सल्ला असा, की हा विषय एकटा घेऊ नका. त्याच्या जोडीला काहीतरी ठोस घ्या: संख्याशास्त्र, सार्वजनिक आरोग्य, कायदा, शिक्षण, भूगोल, किंवा एखादी भाषा. या जोडीने दारे उघडतात.

कोणती दारे? इथल्या कायद्याप्रमाणे, 1900 पूर्वीच्या मानवी वस्तीच्या खुणा असलेल्या जागी खोदकाम करायचे तर आधी परवानगी लागते. 2014 च्या वारसा कायद्याने ही जबाबदारी 'हेरिटेज न्यूझीलंड'कडे दिली आहे. रस्ते, घरे, जलवाहिन्या यांच्या कामांत त्यामुळे पुरातत्त्वाचे पदवीधर लागतात. हाडे उकरणाऱ्यांनाही पगार मिळतो, हे त्या विचारणाऱ्या काकांना कळवा. वेलिंग्टनचे ते पापा आणि ऑकलंडचे युद्धस्मारक संग्रहालय यांना संग्रह सांभाळणारे, समाजांशी बोलणारे लोक लागतात. वाइटांगी न्यायाधिकरणापुढच्या दाव्यांना संशोधक लागतात. सांख्यिकी खात्याला सर्वेक्षणातला प्रश्न लोकांना नीट समजतो का, हे तपासणारे लागतात. आरोग्यखाते, शिक्षणखाते, निर्वासितांना वसवणाऱ्या संस्था, पॅसिफिक बेटांत मदतकार्य करणाऱ्या संस्था, सगळीकडे ऐकून घेणारी आणि ऐकलेले नेमके लिहिणारी माणसे लागतात. खासगी कंपन्यांतही त्यांना जागा आहे. जेनेव्हिव्ह बेल या ऑस्ट्रेलियन मानवशास्त्रज्ञ 1998 मध्ये इंटेल या संगणकचिपच्या कंपनीत गेल्या. लोक घरात यंत्रे कशी वापरतात, हे घरोघर जाऊन पाहणे हे त्यांचे काम होते.

आरोग्याचे एक उदाहरण ज्यांना मुलांना डॉक्टरच करायचे आहे त्यांच्यासाठी. 2014 मध्ये पश्चिम आफ्रिकेत इबोलाची साथ आली. मृतदेहाला स्पर्श केल्याने रोग पसरत होता. आरोग्यपथके देह पिशवीत घालून विधीशिवाय पुरत, म्हणून घरचे लोक आजारी माणसालाच लपवू लागले. तिथे मानवशास्त्रज्ञांनी गावच्या वडीलधाऱ्यांशी बोलून वाट काढायला मदत केली. स्पर्श टाळून प्रार्थना कशी करता येईल, कुटुंबाला दुरून का होईना अंत्यदर्शन कसे देता येईल, हे ठरले. दफन सुरक्षित झाले आणि सन्मानाचेही. औषधाइतकेच हेही उपयोगी पडले. मूल डॉक्टर होणार असेल तरी त्याने या विषयाचे एक-दोन पेपर घ्यावेत, असे मी म्हणते ते यासाठी.

तर आजी, पोट भरेल. लवकर नाही, आपोआप नाही, आणि श्रीमंती येईल असे मी सांगणार नाही. पण भरेल.

आता तरुणांशी थेट बोलते. तुमच्यासाठी काम टिकोपियाला नाही, घरात आहे. ज्या ज्येष्ठांनी मॉरिशसमधली मराठी घरात ऐकली, ते आता सत्तरी-ऐंशीत आहेत. त्या मराठीत क्रेओलचे, भोजपुरीचे, फ्रेंचचे शब्द मिसळले आहेत, आणि कोकणातही आता न बोलले जाणारे काही जुने शब्द तिच्यात टिकले असतील. पुण्या-मुंबईहून अलीकडे आलेली मंडळी ते ऐकून कधी हसतात, हसू द्या. भाषेच्या अभ्यासकाला ते सोने आहे. रत्नागिरीकडे गणपतीत जाखडी नाचतात, मॉरिशसच्या मराठी वस्त्यांत झाकरी नाचतात. नाव जरा बदलले, ठेका किती बदलला? पावले कोणती राहिली? इथे ऑकलंडच्या सभागृहात मुले नाचतात तेव्हा आणखी काय बदलते? एका चांगल्या ऑनर्स प्रबंधाचा हा विषय आहे, आणि तो लिहायला आपल्याइतकी जवळची माणसे कोणाकडे आहेत?

दुसरे काम ओळखीचे. इथल्या शाळेत मुलांना पेपेहा सांगायला शिकवतात: आपला डोंगर कोणता, नदी कोणती, पूर्वज कोणत्या होडीतून आले, आणि मग शेवटी आपले नाव. आपले मूल घरी येऊन विचारते, माझा डोंगर कोणता? सह्याद्री म्हणायचे, की मॉरिशसचा एखादा डोंगर, की इथला मौंगाफाऊ? होडीच्या जागी जहाजाचे नाव घ्यायचे का? सरकारी कागदांवरही हेच होते. फिजीहून आलेल्या भारतीयांना इथले सरकारी वर्गीकरण आशियाई गटात धरते, पॅसिफिक गटात नाही, आणि पॅसिफिक विद्यार्थ्यांसाठीच्या सवलतींचा प्रश्न निघाला की तो रकाना महत्त्वाचा ठरतो. त्यावर आपले फिजीचे बांधव बोलत आहेत. मॉरिशसच्या मराठी माणसाने कोणती खूण करावी? या देशात वांशिक ओळख ज्याची त्याने सांगायची असते, आणि एकाहून जास्तही सांगता येतात. पण काय सांगायचे हे ठरवण्यासाठी आधी स्वतःला समजावे लागते. सोळा पायऱ्यांवरच्या कारकुनाने रकाने आपल्यासाठी भरले होते. हे रकाने आपल्याला भरायचे आहेत.

शेवटी शताब्दी समितीपुढे माझी एक विनंती आहे. या वर्षी ज्येष्ठांच्या मुलाखतींचा संग्रह सुरू करावा. एक विद्यार्थी, एक ज्येष्ठ, अशा जोड्या लावाव्यात. मुलाखत मराठीत, क्रेओलमध्ये, हिंदीत, ज्येष्ठांना सोईच्या भाषेत व्हावी. आधी त्यांची लेखी संमती घ्यावी. ध्वनिफीत कोणी ऐकायची, कुठे ठेवायची, काय वगळायचे, हे त्यांनी ठरवावे. घरात काही दुःखे असतात, ती गाळायचा त्यांना अधिकार आहे. वेलिंग्टनच्या अलेक्झांडर टर्नबुल ग्रंथालयात मौखिक इतिहासाचा मोठा संग्रह आहे. पद्धत कशी असावी हे तिथल्या जाणकारांना विचारता येईल. आणि मुलांनो, वंशावळीच्या तक्त्यात फक्त बापाचा बाप, त्याचा बाप असे वर चढू नका. आजीची आई कोण, ती कोणत्या गावची, लग्नाआधी तिचे नाव काय होते, हेही विचारा. जहाजाच्या रजिस्टरात बायका कमी होत्या, म्हणून त्यांची एकेक आठवण जास्त मोलाची.

पालकांना एवढेच सांगते. मूल हा विषय निवडते म्हणजे ते घरापासून दूर जाते असे समजू नका. बहुधा पहिल्याच सुट्टीत ते वही घेऊन तुमच्या समोर बसेल आणि विचारेल, "आई, मामाचा मान मामालाच का?" त्या वेळी टीव्ही बंद करा, चहा ठेवा, आणि जे आठवते ते सांगा. आठवणार नाही तिथे मॉरिशसला मावशीला फोन लावा.

 मुलाखतींसाठी नाव द्यायचे असेल त्या ज्येष्ठांनी आणि विद्यार्थ्यांनी जेवणाच्या सुट्टीत दाराजवळच्या टेबलावर येऊन माझ्याशी बोलावे.